नऊ खंडांत वर्तुळ मांडणारे भास्कराचार्य

शके १०३६, म्हणजेच इ. स. १११४ मध्ये शांडिल्य गोत्रातील महेश्वर नावाच्या विद्वान ज्योतिषाच्या घरी भास्कराचार्यांचा जन्म झाला. गणिताचे पाठ त्यांना पित्याकडूनच मिळाले. सह्याद्रीच्या आश्रयाने वसलेले विज्जलविड हे आपले गाव, असे त्यांनी नोंदवून ठेवले. मात्र हे गाव कोणते, याविषयी विद्वानांत आजही एकमत नाही. काही अभ्यासकांच्या मते ते आजचे बीड होय. नामसादृश्य आहे, आणि सह्याद्रीचा फाटा असलेली बालाघाटाची रांग बीड जिल्ह्यातूनच जाते. दुसरा पक्ष चाळीसगावजवळच्या पाटणचा. तेथे डॉ. भाऊ दाजी लाड यांना आचार्यांच्या वंशाचा शिलालेख सापडला. परंतु वंशज कोठे स्थिरावले, एवढ्यावरून पूर्वजाचे जन्मस्थान ठरत नाही. बीडचा दावा त्यामुळे निकालात निघालेला नाही.

वयाच्या अवघ्या छत्तिसाव्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणि’ हा ग्रंथ सिद्ध केला. ‘लीलावती’मुळे ते घरोघरी पोहोचले खरे, पण ग्रहगणित हा त्यांचा खास प्रांत. ग्रह कधी शीघ्र, कधी मंद, तर कधी वक्री चालताना दिसतो. त्याचे नेमके स्थान काढायचे तर पदोपदी ज्या, म्हणजे आजच्या शाळेतील ‘साइन’, लागते. ज्या चुकली की ग्रह चुकला आणि ग्रहणाची वेळही चुकली.

प्रत्येक अंशाची ज्या जवळ बाळगण्याचा व्याप टाळण्यासाठी आचार्यांनी त्रिज्या १२० धरून दहा-दहा अंशांचे नऊच खंड दिले : २१, २०, १९, १७, १५, १२, ९, ५ आणि २. आजच्या आलेखाच्या भाषेत सांगायचे तर आडव्या अक्षावरील घरे समान, उभ्या अक्षावरील मात्र आक्रसत जाणारी. मग मधल्या अंशाचे काय? पंचाहत्तर अंशांची ज्या हवी असल्यास सत्तरपर्यंतची बेरीज ११३ येते. पुढील खंड ५, त्याचा निम्मा मिळवला की ११५.५. हे झाले दोन बिंदू सरळ रेषेने जोडणे. आचार्यांना ते पुरेसे वाटले नाही. मागील व पुढील खंडांतील फरकाला उरलेल्या अंशांनी गुणून वीसने भागावे आणि ते फळ दोन्ही खंडांच्या सरासरीतून वजा करावे, असा नियम त्यांनी दिला. त्यानुसार ५ ऐवजी ६ हा खंड येतो आणि ज्या ११६ ठरते. आधुनिक गणिताने ती ११५.९१ आहे. या रीतीचे मूळ सातव्या शतकातील ब्रह्मगुप्ताकडे जाते, हे येथे सांगितले पाहिजे.

एकोणसत्तराव्या वर्षी, ११८३ मध्ये, त्यांनी पंचांगकर्त्यांसाठी ‘करणकुतूहल’ रचले. त्यातही हेच नऊ खंड आले. पुत्र लक्ष्मीधर यादव राजा जैत्रपालाच्या दरबारी गेला, तर नातू चांगदेवाने १२०७ च्या सुमारास आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी पाटणला मठ उभारला.