भरतकामाच्या आकडीतून शिलाई मशीन घडवणारा शिंपी : बार्थेलेमी तिमोनिए

लग्नाच्या ब्लाऊजवर आरी वर्क हवंच, असा आता रिवाज झालाय. आरीच्या आकडीने पडतो तो साखळी टाका. हाच टाका यंत्राने घालायचं एका फ्रेंच शिंप्याने मनावर घेतलं आणि त्यातून शिलाई मशीन जन्माला आलं. त्याचं नाव बार्थेलेमी तिमोनिए.

लिऑन शहराजवळच्या लार्ब्रेल गावी १७९३ साली त्याचा जन्म झाला. त्या भागातल्या बायका घरी बसून आकडीने मलमलीवर भरतकाम करायच्या. त्यांचा हात किती झरझर चालतो, हे या शिंप्याने हेरलं. यंत्रविद्येचं शिक्षण नव्हतं, तरी काही वर्षं खपून त्याने लाकडी सांगाड्याचं, पायाने चालणारं मशीन बनवलं. सुईच्या टोकाला आकडी. ती कापडातून खाली उतरायची, तिथला दोरा पकडून फास वर आणायची आणि पुढचा फास आधीच्या फासातून काढायची. साखळी कापडाच्या वरच्या अंगाला उमटायची, अगदी भरतकामासारखी. खोट एकच : दोरा एकेरी, त्यामुळे शेवटचा फास सुटला की शिवण भराभर उसवायची.

१८३० मध्ये पेटंट मिळालं. पॅरिसमध्ये ८० मशीनांवर सैन्याचे गणवेश शिवले जाऊ लागले. पण जानेवारी १८३१ मध्ये शिंप्यांच्या जमावाने कारखान्यात घुसून मशीनं फोडली. हाताने शिवून पोट भरणाऱ्यांची भीती खोटी नव्हती. पण ज्याच्यावर ते तुटून पडले, तोही शिंपीच होता.

पुढे १८३६ साली मशीन पाठीवर घेऊन, वाटेत लोकांना खेळासारखं दाखवत चार पैसे मिळवत तो पायी घरी परतला, असं सांगतात. तरी त्याने नाद सोडला नाही. १८४० च्या दशकात मिनिटाला २०० टाके घालणारं सुधारित मशीन आलं. त्याला दिलेलं ‘कूझो-ब्रॉदर’ हे नावही बोलकं आहे; शिवणारं आणि भरणारं, असा त्याचा अर्थ. १८५१ च्या लंडन प्रदर्शनात मात्र ते परीक्षण आटोपल्यावर पोहोचलं.

१८५७ मध्ये आंप्लप्वी गावी तो गरिबीतच वारला. तोवर शिवणकामात दुहेरी दोऱ्याच्या अमेरिकन मशीनांनी बाजी मारली होती. सजावटीत मात्र आकडीची सुई टिकली. १८६० च्या दशकात बोनाझ आणि कॉर्नेली यांनी अशाच सुईचं भरतकामाचं मशीन बाजारात आणलं. त्यात टेबलाखालची मूठ फिरवली की टाक्याची दिशा बदलते. कापड न फिरवता वेली, फुलं, अक्षरं सलग काढता येतात.