एकट्याने भरलेला रंगमंच : एमलिन विल्यम्स

रंगमंचावर एक मेज, त्यावर पुस्तक आणि मागे उभा दाढीवाला एकटा माणूस. १९५१ साली लंडनमध्ये एमलिन विल्यम्स असा चार्ल्स डिकन्स बनून प्रेक्षकांसमोर आला. डिकन्स स्वतः उतारवयात आपल्या कादंबऱ्यांमधले प्रसंग गावोगावी वाचून दाखवायचा. एमलिनने तेच वाचन पुन्हा उभं केलं. समोरचं पुस्तक मात्र नुसतं दाखवायला. त्याला सगळं तोंडपाठ होतं!

गंमत म्हणजे, इंग्रजीच्या या लाडक्या लेखकाला आवाज देणाऱ्या एमलिनची मातृभाषा इंग्रजी नव्हती. २६ नोव्हेंबर १९०५ रोजी उत्तर वेल्समधल्या एका गरीब घरात तो जन्मला. घरात वेल्श बोलायचे. आठेक वर्षांचा होईपर्यंत त्याला इंग्रजी जेमतेमच यायचं. पुढे होलीवेलच्या शाळेत त्याला ग्रेस कुक नावाच्या बाई भेटल्या. त्यांनी पोराची हुशारी हेरली, त्याला फ्रेंच शिकवलं आणि शिष्यवृत्ती मिळवून ऑक्सफर्डला जाण्याइतकं तयार केलं.

एमलिन हे विसरला नाही. १९३८ साली त्याने ‘द कॉर्न इज ग्रीन’ हे नाटक लिहिलं. त्यातल्या खेड्यात शिकवायला आलेल्या बाई म्हणजे बऱ्याच अंशी कुकबाईच. बाई ज्याला घडवतात त्या खाणकामगार पोराची भूमिका एमलिनने स्वतः केली, तेव्हा तो तिशी ओलांडून गेला होता.

डिकन्सचा प्रयोग त्याने देशोदेशी नेला. १९५५ मध्ये तो डिलन टॉमसकडे वळला. हा कवी वेल्सचाच, दोनच वर्षांपूर्वी गेलेला, पण लिहायचा इंग्रजीत. १९७७ मध्ये कथाकार साकीवरचा प्रयोग आला. २५ सप्टेंबर १९८७ रोजी एमलिन गेला.

आपल्यातले बरेच जण घरी एक भाषा बोलतात आणि वर्गात दुसरीच. वर्गात उभं राहून वाचायची वेळ आली की उच्चार चुकेल म्हणून माझा तर आवाजच बसतो. एमलिनचं आयुष्य वाचल्यावर वाटलं, भाषा उशिरा आली म्हणून ती परकी राहत नाही. कुणीतरी ती मनापासून शिकवावी लागते, आणि आपण ती मोठ्याने बोलावी लागते.