पाचूतलं धुकं आणि सर सी. व्ही. रामन

रामन म्हटलं की नोबेल आठवतं. पण १९१० च्या सुमारास ते आमच्या गोंदियाशेजारच्या नागपुरात सरकारी हिशेबखात्यात अधिकारी होते, हे मला इंजिनिअरिंगला आल्यावरच कळलं! १९१७ मध्ये जास्त पगाराची ती नोकरी सोडून ते कलकत्त्यात प्राध्यापक झाले. २८ फेब्रुवारी १९२८ ला त्यांना दिसलं, की पदार्थातून विखुरताना प्रकाशाचा रंग किंचित बदलतो आणि त्यावरून आतले रेणू ओळखता येतात. पुढे त्यांनी हिरे-मोतीही अभ्यासले. १९७० मध्ये ते गेले.

आज त्यांच्याच शोधावर चालणारं यंत्र पाचू न फोडता आतलं धुकं तपासतं. खाणीतल्या पाचूत पाणी, वायू, खनिजकण सापडतात. प्रयोगशाळेत वितळलेल्या क्षारांत वाढवलेल्या पाचूत पाणी नसतं. म्हणून डाग दिसला की लगेच खडा खोटा म्हणू नका. तो त्याचा जन्मदाखलाही असू शकतो!