बैलाएवढी मूत्रपिंडे असलेला राजा

इंदापूरला मालोजीराजांची गढी आपण मुलांना दाखवतोच. साधारण त्याच काळात तिकडे पोलंडमध्ये स्टीफन बाथोरी नावाचा राजा होऊन गेला. जन्म १५३३ चा. १५७६ मध्ये राणी अ‍ॅनाशी लग्न करून तो गादीवर आला. रशियाच्या इव्हानला त्याने तह करायला भाग पाडलं. १५७९ मध्ये व्हिल्नियसला विद्यापीठ काढलं, आणि आपल्या शिक्षकांच्या दृष्टीने हेच त्याचं मोठं काम!

१५८६ च्या डिसेंबरात शिकारीनंतर तो आजारी पडला. झटके आले, शुद्ध गेली, १२ तारखेला ग्रोद्नो इथे वारला. मग त्याचे दोन वैद्य एकमेकांवरच तुटून पडले. पण शव टिकवण्यासाठी उघडणाऱ्या शल्यवैद्याने नोंद केली, की मूत्रपिंडे बैलाएवढी मोठी आणि वरून उंचसखल होती. निरोगी मूत्रपिंड आपल्या मुठीएवढं असतं, बरं का!

आजचे डॉक्टर म्हणतात, हा बहुधा पॉलिसिस्टिक किडनीचा आजार. पेशीच्या आवरणात पॉलिसिस्टिन नावाचं प्रथिन असतं. ते बिघडलं की किडनीत पाण्याच्या गाठी वाढत जातात. त्याचं मुख्य जनुक सापडलं १९९४ मध्ये. आईला किंवा वडिलांना हा आजार असेल तर प्रत्येक मुलामुलीला तो येण्याची शक्यता निम्मी. त्यामुळे सुनेच्या पायगुणाला बोल लावू नका. बारामती-इंदापूरकडे तुमच्या घरात कुणाचं डायलिसिस चालू असेल, तर आजाराचं नाव डॉक्टरांना विचारा. हाच निघाला तर बाकी भावंडांचं बीपी मोजून घ्या, आणि सोनोग्राफीचंही विचारा.