हातात दिवा घेतलेली फ्लॉरेन्स नाइटिंगेल सगळ्यांना माहितीय, पण तिनं सरकारला हलवलं ते आकडेवारीच्या एका रंगीत चित्रानं

शाळेच्या पुस्तकात फ्लॉरेन्स नाइटिंगेल आपल्याला एकाच रूपात भेटते. रात्रीची वेळ, युद्धातलं रुग्णालय, रांगेनं पडलेले सैनिक आणि हातात दिवा घेऊन त्यांच्यामधून फिरणारी एक बाई. १२ मे हा तिचा जन्मदिवस जगभर परिचारिका दिन म्हणून साजरा होतो. नर्सिंगच्या विद्यार्थिनी आजही दिवा हातात घेऊन शपथ घेतात.

हे सगळं खरंच आहे. पण हिचं सगळ्यात मोठं काम सुरू झालं ते दिवा बाजूला ठेवल्यावर. हातात पेन होतं, समोर मेलेल्या सैनिकांच्या याद्या होत्या आणि त्या याद्यांमधून जे बाहेर पडत होतं ते तिच्यासाठीही फार सुखाचं नव्हतं.

तर सुरुवातीपासून बघू.

१८२० साली इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात एका श्रीमंत इंग्रज घराण्यात तिचा जन्म झाला. शहराचं नाव तेच मुलीचं नाव. घरात कशाची ददात नव्हती. वडील शिकलेले, त्यांनी स्वतःच मुलींना भाषा, इतिहास, तत्त्वज्ञान शिकवलं. फ्लॉरेन्सला मात्र ओढ होती गणिताची. त्या काळात चांगल्या घरच्या मुलीनं पियानो वाजवावा, भरतकाम करावं आणि चांगलं स्थळ बघून लग्न करावं एवढीच अपेक्षा असायची. हिनं घरच्यांशी वाद घालून गणिताची शिकवणी मिळवली.

त्यात तिनं नर्स व्हायचं ठरवलं. तेव्हा हे काम प्रतिष्ठेचं समजत नसत, त्यामुळे घरात भूकंपच झाला. परवानगी मिळेना तेव्हा ती पहाटे उठून रुग्णालयांचे सरकारी अहवाल वाचायची आणि त्यातले आकडे वहीत उतरवून ठेवायची. अशी कितीतरी वर्षं गेली. शेवटी १८५१ मध्ये जर्मनीत जाऊन तिनं प्रशिक्षण घेतलं आणि १८५३ मध्ये लंडनमधल्या एका छोट्या रुग्णालयाची प्रमुख झाली.

पुढच्याच वर्षी ब्रिटन क्रिमियाच्या युद्धात उतरलं.

लढाई चालली होती काळ्या समुद्राच्या उत्तरेला, क्रिमियात. आजारी आणि जखमी सैनिकांना जहाजात घालून समुद्रापलीकडे स्कुटारीला आणत. हे ठिकाण म्हणजे आजच्या इस्तंबूलचा एक भाग. तिथल्या एका अवाढव्य तुर्की बराकीचं रुग्णालय केलं होतं. सैनिकांचे हाल कसे चाललेत याच्या बातम्या लंडनच्या वर्तमानपत्रांत आल्या आणि लोक खवळले. युद्धखात्याचे मंत्री सिडनी हर्बर्ट फ्लॉरेन्सला आधीपासून ओळखत होते. त्यांनी तिला जायची विनंती केली. ३८ परिचारिकांना घेऊन ती नोव्हेंबर १८५४ मध्ये स्कुटारीला पोहोचली.

तिनं काय केलं हे आपण पुस्तकात वाचलेलंच आहे. स्वच्छ कपडे, गरम जेवण, धुतलेल्या चादरी, फरशा घासायला ब्रश. पण पुस्तकात सहसा नसलेली एक गोष्ट अशी की, ती आल्यावर मृत्यू कमी झाले नाहीत. त्या हिवाळ्यात ते वाढतच गेले.

जानेवारी १८५५ चे आकडे बघा. त्या महिन्यात सैन्य होतं ३२,३९३. जखमांनी मेले ८३. आणि टाळता येण्यासारख्या रोगांनी, म्हणजे कॉलरा, हगवण, ताप यांनी मेले २,७६१. याच वेगानं मृत्यू होत राहिले असते आणि नवी कुमक आली नसती, तर शत्रूची एक गोळी न लागताही वर्षाच्या आत अख्खं सैन्य संपलं असतं.

मार्च १८५५ मध्ये लंडनहून एक स्वच्छता आयोग आला. त्यांनी बराकीखालची तुंबलेली गटारं साफ केली, मेलेली जनावरं पुरली, पाणी येण्याची वाट साफ केली, खिडक्या उघडत्या केल्या. त्यानंतर मृत्यू झपाट्यानं खाली आले.

पण त्या वेळी हे कुणाला दिसत होतं का? नाही. कारण दिसायला आधी नीट नोंदी लागतात. स्कुटारीत मृत्यूची नोंद तीन वेगवेगळ्या ठिकाणी व्हायची आणि तिन्हींचे आकडे एकमेकांशी जुळत नव्हते. कुणी पुरलेल्यांची यादी ठेवायचं, कुणी डॉक्टरांचा तक्ता भरायचं, कुणी कचेरीतलं रजिस्टर. एकाच आजाराला दोन डॉक्टर दोन नावं द्यायचे. शेकडो माणसं कुठल्याही नोंदीशिवाय पुरली गेली होती. माणूस मेला हे दुःख आहेच, पण तो कशानं मेला हेच लिहिलेलं नसेल तर पुढचा माणूस वाचणार कसा?

१८५६ च्या ऑगस्टमध्ये ती मायदेशी परतली. देशभर तिचं नाव झालं होतं. सत्कार घेत फिरली असती तर आयुष्य आरामात गेलं असतं. तिनं सत्कार टाळले आणि विल्यम फार यांना गाठलं. हे गृहस्थ इंग्लंडच्या जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयात होते आणि देशातल्या मृत्यूंच्या कारणांची आकडेवारी ठेवण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. दोघांनी मिळून युद्धातला एकेक आकडा तपासायला घेतला.

आणि इथं गोष्टीला वळण मिळालं.

तोवर फ्लॉरेन्सची समजूत अशी होती की सैनिक मेले ते उपासमारीनं, थंडीनं, अतिश्रमानं. ते आधीच अर्धमेले होऊन रुग्णालयात आले होते, असं तिला वाटायचं. आकडे वेगळं सांगत होते. सैनिकांसाठी सगळ्यात घातक जागा होती ती स्कुटारीच. म्हणजे तिचं स्वतःचं रुग्णालय. तुंबलेल्या गटारांवर, कोंदट हवेत, माणसं दाटीवाटीनं ठेवली होती आणि ती तिथंच मरत होती. जिथं ती रात्री दिवा घेऊन फिरत होती, तिथंच.

या जागी बऱ्याच जणांनी कागद कपाटात ठेवले असते. देश आपली आरती ओवाळतोय, मग कशाला उगाच? पण हे आकडे जगासमोर यावेत म्हणून तिनंच आग्रह धरला.

१८५७ मध्ये सैन्याच्या आरोग्यावर शाही आयोग नेमला गेला. त्यात एकही बाई नव्हती. पण आयोगाचे अध्यक्ष होते सिडनी हर्बर्ट आणि पडद्यामागून माहिती पुरवत होती फ्लॉरेन्स. तिनं सुमारे ८५० पानांचा अहवाल लिहिला, स्वतःच्या खर्चानं छापला आणि महत्त्वाच्या माणसांच्या हातात पोहोचवला.

आता आली खरी अडचण. ८५० पानं वाचणार कोण? मंत्री वाचत नाहीत, सेनापती वाचत नाहीत, राणीकडे वेळ नाही. फार यांचं मत होतं की आकडेवारी जितकी कोरडी तितकी चांगली. फ्लॉरेन्सला ते पटलं नाही. जे कानातून डोक्यात शिरत नाही ते डोळ्यांतून शिरलं पाहिजे, हा तिचा हिशेब.

म्हणून तिनं ती प्रसिद्ध आकृती काढली.

समजा १२ पाती असलेला पंखा आहे. प्रत्येक पातं म्हणजे एक महिना. सगळ्या पात्यांचा कोन सारखा, पण आकार वेगळा. ज्या महिन्यात जास्त मृत्यू, त्या महिन्याचं पातं मोठं. त्यात तीन रंग. निळा म्हणजे टाळता येण्यासारखे रोग, लाल म्हणजे जखमा, काळा म्हणजे बाकीची कारणं. असे दोन पंखे शेजारी शेजारी. एक एप्रिल १८५४ ते मार्च १८५५ चा, दुसरा त्याच्या पुढच्या वर्षाचा.

बघणाऱ्याला एकही आकडा वाचायची गरज नव्हती. पहिल्या पंख्यात निळा रंग नुसता पसरलेला आणि लाल रंग मध्यावर बारीकसा. म्हणजे रशियाच्या तोफांनी मारले त्यापेक्षा कितीतरी जास्त आपल्याच घाणीनं मारले. दुसऱ्या पंख्यात, गटारं साफ झाल्यानंतर, निळा रंग आक्रसत गेलेला. कारण काय आणि उपाय काय, दोन्ही एकाच पानावर.

यात एक बारकावा आहे, आणि आज सोशल मीडियावर आलेख टाकणाऱ्या प्रत्येकानं तो लक्षात ठेवावा असा आहे. तिच्या आधीच्या आकृतीत मृत्यूचं प्रमाण लांबीनं दाखवलं होतं. पण पातं दुप्पट लांब केलं की त्याचं क्षेत्रफळ चौपट होतं आणि डोळा बघतो ते क्षेत्रफळ. म्हणजे चित्र गरजेपेक्षा जास्त भयानक दिसत होतं. तिच्या बाजूनं ते सोयीचंच होतं. तरी तिनं दुरुस्तीची चिठ्ठी जोडली आणि पुढच्या आकृतीत प्रमाण क्षेत्रफळानं दाखवलं. विरोधकांना बोट ठेवायला जागाच ठेवायची नाही, तर आधी आपला आकडा स्वच्छ पाहिजे.

दुसरी युक्ती तुलनेची. युद्धात माणसं मरणारच, असं म्हणून अधिकारी हात झटकू शकत होते. म्हणून तिनं शांततेच्या काळातले सैनिक घेतले. इंग्लंडमध्येच बराकीत राहणारे, २० ते २५ वयाचे, निवडून घेतलेले धडधाकट तरुण. त्यांच्यात वर्षाला दर हजारी १७ मृत्यू होत होते. त्याच वयाच्या सामान्य इंग्रज पुरुषांमध्ये हजारी ८.४. दुप्पट! शेजारी शेजारी दोन पट्ट्या काढल्या की झालं. नुसतं १७ म्हटलं तर कुणालाच काही कळत नाही. १७ च्या शेजारी ८.४ ठेवला की तो आकडा आरोप होतो.

परिणाम झाला. बराकींची गटारं, पाणी, हवा सुधारायचं काम सुरू झालं. सैन्यात आकडेवारीसाठी स्वतंत्र विभाग निघाला. १८६० मध्ये लष्करी डॉक्टरांसाठी विद्यालय सुरू झालं. आणि १८५८ मध्ये लंडनच्या सांख्यिकी संस्थेनं तिला सदस्य करून घेतलं. ती या संस्थेची पहिली महिला सदस्य.

एक गंमत म्हणजे तेव्हा रोगजंतूंचा सिद्धांत रुजलेला नव्हता. फ्लॉरेन्सही दूषित हवेलाच दोष द्यायची. कारणाचा अंदाज पूर्ण बरोबर नव्हता, पण नोंदी नीट असल्यामुळे उपाय बरोबर सापडला.

यानंतर तिची नजर वळली भारताकडे.

१८५९ मध्ये भारतातल्या ब्रिटिश सैन्याच्या आरोग्यावर आयोग बसला. फ्लॉरेन्स भारतात कधीच आली नाही. आजारपणामुळे ती बहुतेक वेळ अंथरुणावरच असायची. पण तिच्या पुढाकारानं एक प्रश्नावली तयार झाली आणि इथल्या लष्करी ठाण्यांना पाठवली गेली. पाणी कुठून येतं, गटार कुठं जातं, एका खोलीत किती माणसं झोपतात. सगळ्यांना तेच प्रश्न, म्हणजे उत्तरं एकमेकांशी ताडता येतील. उत्तरांचे ढीग लंडनमधल्या तिच्या खोलीत येऊन पडले.

त्यातून निघालं की इथं ब्रिटिश सैनिकांमध्ये वर्षाला दर हजारी ६९ मृत्यू होतायत. १८६३ चा अहवाल दोन हजारांहून जास्त पानांचा झाला. पुन्हा तोच प्रश्न, वाचणार कोण? तिनं त्याचं सार वेगळं लिहिलं, त्यात चित्रं घातली आणि ते वेगळं छापून वाटलं. १८६४ मध्ये बंगाल, मद्रास आणि मुंबई या तिन्ही इलाख्यांत स्वच्छता आयोग नेमले गेले. दहा वर्षांनी तिनं पुन्हा हिशेब मांडला तेव्हा ६९ चा आकडा १८ वर आला होता.

पुढं ती सैनिकांवर थांबली नाही. १८७६ ते ७८ च्या दुष्काळानंतर तिनं इथल्या शेतकऱ्यांच्या हालांवर आणि पाटबंधाऱ्यांवर लिहिलं. गावांच्या स्वच्छतेसाठी पुण्याच्या सार्वजनिक सभेशी तिचा पत्रव्यवहार होता. इंग्लंडमधल्या खोलीत बसलेली बाई आणि पुण्यातली सभा, विषय काय तर मुंबई इलाख्यातल्या खेड्यांतलं पाणी आणि घाण.

सगळंच जमलं असं नाही. सगळ्या रुग्णालयांनी एकाच नमुन्यात नोंदी ठेवाव्यात म्हणून तिनं फॉर्म तयार केले. १८६० च्या आंतरराष्ट्रीय सांख्यिकी परिषदेत त्यांना पाठिंबाही मिळाला, लंडनच्या काही रुग्णालयांनी ते वापरून पाहिले. पण भरायला वेळ आणि पैसा लागतो म्हणून ते मागे पडले. १८६१ च्या इंग्लंडच्या जनगणनेत आजारपणाची आणि घरांची माहिती घ्या, असं तिनं सुचवलं. सरकारनं ते मानलं नाही.

१३ ऑगस्ट १९१० ला, वयाच्या ९० व्या वर्षी, लंडनमध्ये तिचं निधन झालं. राजेरजवाड्यांच्या शेजारी, वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन करायची तयारी होती, पण तिच्या इच्छेप्रमाणे तिला गावाकडच्या छोट्याशा चर्चच्या आवारात पुरलं.

कोविडच्या काळात आपण रोज मोबाइलवर रुग्णांचे आलेख बघत होतो. वर गेलेली रेघ बघून धास्ती वाटायची, खाली आली की जीव भांड्यात पडायचा. माणसांच्या मरणाचं चित्र काढून सरकारला जाब विचारायची ही रीत रुजवणाऱ्यांत फ्लॉरेन्स नाइटिंगेल अगदी पुढं होती. तिच्या तक्त्यातला प्रत्येक आकडा म्हणजे एक माणूस होता, आणि त्यातले कितीतरी तिच्याच रुग्णालयात गेलेले होते. म्हणूनच तिनं ते लपवले नाहीत.