परीक्षार्थींचा संत जोसेफ

कॅलिफोर्नियातील क्युपर्टिनो गावाचे नाव आपल्या बेटावरच्या मुलांनाही ठाऊक आहे. अ‍ॅपल कंपनीचे मुख्य कार्यालय तेथे आहे आणि त्या भागात पुष्कळ भारतीय कुटुंबे राहतात, त्यांत मराठीही आहेत. अशा हुशार माणसांच्या गावाला ज्याचे नाव मिळाले तो मात्र मठ्ठ म्हणून हिणवला गेलेला एक गरीब मुलगा होता.

त्या गावी संत जोसेफ यांच्या नावाचे कॅथलिक चर्च आहे. त्या पॅरिशची, म्हणजे वसईचे मराठी ख्रिस्ती बांधव ज्याला धर्मग्राम म्हणतात त्याची, स्वतःची शाळाही आहे. तिकडचा हिवाळा बर्फाचा नव्हे, पावसाचा. नाताळ, जानेवारीच्या अखेरीस अमेरिकेतील कॅथलिक शाळांचा सप्ताह आणि पुढे राखेच्या बुधवारपासून उपवासकाळ, अशा रीतीने त्या दिवसांत चर्च आणि शाळा एकमेकांत मिसळून जातात. शाळेने ज्याचे नाव घेतले त्याची हकिगत पालकांनीही ऐकण्यासारखी आहे.

इटलीच्या दक्षिण टोकाला कोपेर्तिनो नावाचे गाव आहे. तेथे १७ जून १६०३ रोजी ज्युसेप्पे देसा, म्हणजेच जोसेफ, याचा जन्म झाला. बाप कर्जबाजारी होऊन गेलेला, घर सावकारांच्या हाती, म्हणून आईने त्याला गोठ्यात जन्म दिला असे सांगतात. मुलगा तंद्री लागली की तोंड उघडे टाकून बसे. सोबत्यांनी त्याला उघड्या तोंडाचा असेच नाव ठेवले. चांभाराकडे काम शिकायला घातले, तेही जमले नाही. १६२० साली कापुचिन मठात त्याला सेवक म्हणून घेतले, पण ध्यान लागले की हातातील ताटे पडून फुटत. आठ महिन्यांनी त्याचा मठाचा झगा काढून घेऊन त्याला घरी पाठविले. आपल्या गोरोबाकाकांची कथा ज्यांनी ऐकली आहे त्यांना ही तंद्री अपरिचित वाटणार नाही. पुढे गावाजवळच्या ग्रोतेल्ला मठात जनावरांची देखभाल करण्याचे काम मिळाले. तेथे त्याची नम्रता व कष्ट पाहून १६२५ साली फ्रान्सिस्कन साधूंनी त्याला आपल्यात घेतले.

आता परीक्षा आली. धर्मगुरू होण्यास लॅटिन हवे, आणि जोसेफला वाचन जेमतेम येई. शुभवर्तमानातील एकच उतारा त्याला नीट समजावून सांगता येई. बिशपांनी पुस्तक उघडले आणि नेमका तोच उतारा निघाला! शेवटच्या परीक्षेत कास्त्रोच्या बिशपांनी पहिल्या काही उमेदवारांना प्रश्न विचारले, ते इतके तयार निघाले की उरलेल्यांना न विचारताच उत्तीर्ण केले. उरलेल्यांत जोसेफ होता. २८ मार्च १६२८ रोजी त्याला धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली.

आपल्या पाठ्यपुस्तकांतील बोपदेव विहिरीच्या दगडावरील दोराचे घळ पाहून अभ्यासाला लागला आणि वैयाकरण झाला. जोसेफचे तसे नाही. तो शेवटपर्यंत विद्वान झालाच नाही. नशिबाने पास झाला, असे कोणी म्हणेल, आणि मी त्याला नाही म्हणणार नाही. परंतु पहिला प्रश्न दुसराच निघाला असता तर हा माणूस जन्मभर नापास म्हणूनच राहिला असता, हे वर्गात गुणपत्रिका भरणाऱ्याने विसरू नये. आपल्याकडे सी.पी.ई. जाऊन २०१७ साली पी.एस.ए.सी. आली, तरी घराघरातील धास्ती तीच आहे.

पुढचे आयुष्य सुखाचे नव्हते. प्रार्थनेत त्याचे शरीर जमिनीवरून उचलले जाई अशा साक्षी त्या काळी नोंदविल्या गेल्या. एका नाताळच्या रात्री त्याने मेंढपाळांना पावा वाजवायला बोलाविले आणि त्या नादात तो वेदीपर्यंत उडत गेला, अशीही कथा आहे. मानावे न मानावे हे ज्याचे त्याने पाहावे. लोकांची रीघ लागली तेव्हा धर्मसत्तेला शंका आली. १६३८ साली नेपल्स येथे धर्मन्यायालयाने त्याची चौकशी केली. दोष सापडला नाही, तरी त्याला लोकांपासून दूर ठेवण्यात आले. १६३९ पासून असिसी, १६५३ साली तेथून हलवून दुर्गम पिएत्रारूब्बिया, मग फोस्सोंब्रोने, आणि १६५७ साली ओसिमो. तो जेथे जाई तेथे माणसे जमत, म्हणून पुन्हा मुक्काम हलविला जाई. त्याने तक्रार केली नाही. १८ सप्टेंबर १६६३ रोजी ओसिमो येथे त्याचा अंत झाला.

ज्या धर्मसत्तेने लपविले तिनेच १७६७ साली त्याला संतपद दिले. त्यानंतर नऊच वर्षांनी, मार्च १७७६ मध्ये, स्पॅनिश सरदार हुआन बाउतिस्ता दे आन्सा यांच्या तुकडीतील पाद्री पेद्रो फॉन्त यांनी कॅलिफोर्नियातील एका ओढ्याला त्याचे नाव दिले. ओढा आता स्टीव्हन्स क्रीक म्हणून ओळखला जातो, नाव मात्र गावाला चिकटले. १९५५ साली त्या गावाला शहराचा दर्जा मिळाला.

आपल्या बेटावर सप्टेंबरच्या आठ-नऊ तारखांना पेर लावाल यांच्या समाधीकडे सेंत-क्रुआला पायी जाणाऱ्यांत आपली हिंदू कुटुंबेही असतात. त्यानंतर नऊ दिवसांनी या संताचा सण येतो. कॅथलिक विद्यार्थी परीक्षेला बसण्यापूर्वी त्याचे स्मरण करतात. ओसिमोच्या चर्चमध्ये, जेथे त्याचा देह ठेवलेला आहे, तेथे विद्यार्थी आजही येतात.