विश्लेषण : घंटाकृती वक्र गाउस यांच्या आधी कोणी मांडला?

सरासरी गुण ५०, प्रमाण विचलन १०. तर ७० पेक्षा जास्त गुण किती टक्के विद्यार्थ्यांना मिळाले असतील? संख्याशास्त्राच्या पुस्तकातले हे ठरावीक गणित प्रसामान्य वितरणाच्या घंटाकृती वक्रावर सुटते. या वक्राला कार्ल फ्रीडरिश गाउस यांचे नाव चिकटले आहे. पण त्याचे गणित गाउस यांच्या जन्माच्या ४४ वर्षे आधीच छापून झाले होते. ते मांडणारे अब्राहम डी मॉयव्हर लंडनमध्ये शिकवण्या करून पोट भरत होते.

फ्रान्स का सोडावे लागले?

डी मॉयव्हर यांचा जन्म १६६७ चा, फ्रान्समधील व्हित्री गावचा. वडील शस्त्रवैद्य, घर प्रोटेस्टंट. १६८५ मध्ये चौदाव्या लुईने प्रोटेस्टंटांचे धर्मस्वातंत्र्य काढून घेतले. तरुण डी मॉयव्हर यांना काही काळ कैदेत राहावे लागले. सुटल्यावर त्यांनी लंडन गाठले. मायदेशी ते पुन्हा राहिले नाहीत. न्यूटन यांचा ‘प्रिन्सिपिया’ हाती आला तेव्हा वाचायला सवड नव्हती. मग पुस्तकाची पाने फाडून खिशात ठेवायची आणि एका शिकवणीहून दुसरीकडे जाताना वाटेत वाचायची, असा क्रम त्यांनी ठेवला. १६९७ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले, न्यूटन यांची मैत्री लाभली. प्राध्यापकाची जागा मात्र कधीच मिळाली नाही. परक्या माणसाची हुशारी मान्य करणे सोपे, त्याला पगार देणे अवघड! सेंट मार्टिन्स लेनमधल्या स्लॉटर्स कॉफी हाऊसमध्ये बसून जुगाऱ्यांना डावांच्या संभाव्यतेबाबत सल्ला देणे, हेही त्यांच्या कमाईचे साधन होते.

नेमके काय शोधले?

नाणे ३६०० वेळा उडवले तर छापा साधारण १८०० वेळा पडेल, हे कोणीही सांगेल. पण नेमका १८०० वेळा क्वचितच. मग किती फरक ‘साधारण’ मानायचा? एकेक शक्यता मोजायची तर आकडे इतके अवाढव्य की हाताने गणित अशक्यच. १२ नोव्हेंबर १७३३ रोजी डी मॉयव्हर यांनी एक छोटी लॅटिन पुस्तिका छापून मित्रांत वाटली. तीत या बेरजेचे सोपे सूत्र होते. त्यातला ‘पाय’ असलेला स्थिरांक जेम्स स्टर्लिंग यांनी पुरवला होता, हे श्रेय त्यांनी मोकळेपणाने दिले.

आजच्या भाषेत सांगायचे तर ३६०० च्या वर्गमुळाचे, म्हणजे ६० चे निम्मे करा : ३०. हे प्रमाण विचलन. छापा १७७० ते १८३० वेळा पडण्याची संभाव्यता सुमारे ६८ टक्के, १७४० ते १८६० ची ९५ टक्के, १७१० ते १८९० ची ९९.७ टक्के. कुणाचे नाणे १९०० वेळा छापा दाखवत असेल तर नाण्यावर संशय घ्यायला हरकत नाही. आणि नाणे ३६ वेळाच उडवले तर? प्रमाण विचलन ३. म्हणजे खेळ शंभरपट वाढला, फरक मात्र दहापटच. जुगाराच्या अड्ड्याचा किंवा विमा कंपनीचा धंदा याच वर्गमुळावर चालतो.

आता सुरुवातीचे गणित. ७० हे सरासरीपासून दोन प्रमाण विचलने दूर. मधल्या पट्ट्यात ९५ टक्के, उरलेले ५ टक्के दोन्ही टोकांना सारखे. म्हणजे ७० च्या वर सुमारे अडीच टक्के. तक्त्यात पाहिले तर २.२८.

मग नाव गाउस यांचे कसे?

डी मॉयव्हर यांच्यासाठी हे द्विपद विस्ताराचे गणित होते. पुढे १७३८ मध्ये ‘द डॉक्ट्रिन ऑफ चान्सेस’ या त्यांच्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत ते इंग्रजीत आले. निरीक्षणातल्या चुकाही याच वक्राप्रमाणे विखुरतात, ही मांडणी गाउस यांनी १८०९ मध्ये खगोलशास्त्रासाठी केली आणि वक्र त्यांच्या नावाने रुजला.

पॅरिसच्या अकादमीने डी मॉयव्हर यांना परदेशी सदस्य करून घेतले ते १७५४ मध्ये. तेव्हा ते ८७ वर्षांचे होते. त्याच वर्षी २७ नोव्हेंबरला लंडनमध्ये त्यांचे निधन झाले.